तासाला एक निरोप

मेंदूच्या तळाशी हायपोथॅलॅमस नावाचा एक लहानसा भाग असतो आणि त्याच्याखाली, एका नाजूक देठाला लोंबकळणारी, वाटाण्याएवढी पिट्युटरी ग्रंथी. उंदरात ती वाटाण्याहूनही कितीतरी बारीक. केंब्रिजच्या जेफ्री हॅरिसनं उंदरांच्या माद्यांमध्ये हा देठ कापला. काही माद्यांमध्ये देठ कापून तसाच सोडला, काहींमध्ये कापलेल्या दोन टोकांच्या मधे मेणकागदाचा चिमुकला तुकडा सरकवला. पहिल्या गटातल्या बऱ्याच माद्या काही काळानं पुन्हा माजावर येऊ लागल्या. मेणकागद घातलेल्या माद्यांचं चक्र मात्र थांबलं ते थांबलंच. या कामाचा निबंध १९५० मध्ये छापून आला.

स्त्रीच्या शरीरातलं मासिक चक्र कोण चालवतं, या प्रश्नाच्या उत्तराची किल्ली त्या कागदाच्या तुकड्यात होती. पुढे याच उत्तरासाठी लाखो मेंढ्या-डुकरांचे मेंदू दळले गेले, दोन माणसं बरीच वर्षं एकमेकांशी ईर्षेनं झुंजली आणि नोबेल घेऊन गेली. त्या झुंजीवर पुस्तकं निघाली, म्हणून ती सर्वांना ठाऊक. माझ्या मते मात्र या गोष्टीतली खरी अक्कल झुंजीच्या आधी आणि झुंजीच्या नंतर आहे.

१९२०च्या दशकात एवढं कळलं होतं की पिट्युटरी काढली तर बीजकोश सुकतात. अमेरिकेत फिलिप स्मिथनं ते उंदरांवर दाखवलं. बर्लिनमध्ये झोंडेक आणि अश्हाइम यांनी उलट बाजूनं सिद्ध केलं: वयात न आलेल्या उंदरांच्या अंगात पिट्युटरीचा तुकडा बसवला की त्यांचे बीजकोश अवेळी पिकायचे. पिट्युटरीतून निघणारी दोन संप्रेरकं, आज डॉक्टरांच्या चिठ्ठीवर दिसणारी एफएसएच आणि एलएच, ही या काळातली ओळख. पहिलं बीजकोशातलं बीज वाढवतं, दुसरं त्याला बाहेर काढतं. झालं, पिट्युटरी ही सगळ्या ग्रंथींची मालकीण ठरली.

पण सशाचं काय? सशाच्या मादीचं बीज ठरल्या दिवशी बाहेर पडत नाही, ते समागमानंतर साधारण दहा तासांनी पडतं. समागम झाल्याची खबर पिट्युटरीला कोण देतं? फेरेट नावाच्या मुंगसासारख्या प्राण्याला हिवाळ्यात जादा दिव्याचा उजेड दाखवला तर तो वेळेआधी माजावर येतो. ग्रंथीला काही डोळे नसतात. आणि बायकांचं तर जगजाहीर होतं: दुष्काळ, युद्ध, भीती यांत पाळी थांबते. दुसऱ्या महायुद्धात जपान्यांनी हाँगकाँगच्या स्टॅन्ली छावणीत कोंडलेल्या बायकांमध्ये हे मोठ्या प्रमाणावर दिसलं आणि तिथल्या नोंदी १९४६ मध्ये ब्रिटिश वैद्यकीय नियतकालिकात छापून आल्या. डोळ्यांनी पाहिलेलं, मनानं घेतलेलं बीजकोशापर्यंत पोचत होतं. म्हणजे वाट मेंदूतून जात असणार.

हॅरिस केंब्रिजला एफ. एच. ए. मार्शल यांच्या हाताखाली शिकला. प्रजननाचं शरीरशास्त्र हा मार्शल यांचा आयुष्यभराचा विषय. १९३७ मध्ये, वयाच्या चोविसाव्या वर्षी, हॅरिसनं भूल दिलेल्या सशांच्या मेंदूच्या तळाला विजेचे बारीक धक्के दिले आणि समागमाशिवाय बीज बाहेर पडलं. दहा वर्षांनी त्यानं हाच प्रयोग अधिक काटेकोर केला. सशाच्या डोक्यावरच्या कातडीखाली तारेचं वेटोळं बसवायचं आणि ससा शुद्धीवर, मोकळा असताना बाहेरून वीज पोचवायची. हायपोथॅलॅमसला धक्का दिला की बीज बाहेर पडे. थेट पिट्युटरीला दिला तर काहीच होत नसे. मालकीण म्हणवणारी ग्रंथी हुकमाची ताबेदार निघाली.

हुकूम पोचायचा कसा, हा पुढचा पेच. पिट्युटरीच्या पुढच्या भागात मज्जातंतू जवळजवळ नाहीतच. आहेत त्या रक्तवाहिन्या. १९३० मध्ये लंडनमध्ये रुमानियाचा ग्रेगोर पोपा आणि ऑस्ट्रेलियात जन्मलेली उना फील्डिंग यांनी देठातून जाणाऱ्या बारीक शिरांचं जाळं रेखाटलं होतं. त्यांची एक गफलत झाली: रक्त खालून वर, ग्रंथीकडून मेंदूकडे जातं असं त्यांना वाटलं. मेलेल्या प्राण्याच्या शिरेत रक्ताची दिशा दिसत नाही, त्यामुळे दोष द्यावा असं काही नाही. अर्जेंटिनात बेर्नार्दो हुस्साय यांच्या मंडळींनी जिवंत भेकात पाहिलं, आणि १९४९ मध्ये हॅरिस व जॉन ग्रीन यांनी जिवंत उंदरात पाहिलं. रक्त वरून खाली जात होतं. मेंदू काहीतरी रसायन या शिरांत सोडतो आणि ते चार पावलांवरच्या ग्रंथीला गाठतं, असा हॅरिसचा तर्क. मेणकागद अडवत होता तो याच शिरांना. कागद नसला की त्या पुन्हा वाढत, जुळत, आणि चक्र सुरू होई.

याला कडाडून विरोध केला सॉली झुकरमन यांनी. माकडांच्या सामाजिक वागण्याचा अभ्यासक, युद्धकाळातला सरकारी सल्लागार, पुढे ब्रिटिश सरकारचा मुख्य वैज्ञानिक सल्लागार: मोठं प्रस्थ. १९५३ मध्ये त्यांनी सहकाऱ्यासह जाहीर केलं की देठ कापलेले, शिरा न उरलेले फेरेटसुद्धा उजेड दाखवल्यावर माजावर येतात. हॅरिस आणि बर्नार्ड डोनोव्हन यांनी तसेच फेरेट तयार करून, अतिशय चिकाटीनं काप घेऊन दाखवलं की जे माजावर येतात त्यांच्यात शिरा पुन्हा उगवलेल्या असतात. वाद बरीच वर्षं धुमसला. एक चांगलं झालं: विरोधक इतका वजनदार असल्यामुळे हॅरिसला प्रत्येक भोक बुजवावं लागलं.

सर्वांत देखणा पुरावा १९५२चा. नाझी राजवटीमुळे जर्मनी सोडून स्वीडनच्या लुंडला गेलेल्या डोरा जेकबसन या संशोधिकेबरोबर हॅरिसनं तो मिळवला. उंदरांच्या माद्यांची मूळ पिट्युटरी काढून टाकली आणि दुसरी पिट्युटरी कलम केली: काहींमध्ये हायपोथॅलॅमसच्या थेट खाली, काहींमध्ये थोडी बाजूला, मेंदूच्या दुसऱ्या भागाखाली. दोन्हीकडे कलम जगलं. पण हायपोथॅलॅमसखालच्या कलमाच्या माद्याच माजावर आल्या, गाभण राहिल्या. १९५८ मध्ये अमेरिकेच्या ड्यूक विद्यापीठात मिरोस्लावा निकितोविच-विनर आणि जॉन एव्हरेट यांनी आणखी कडी केली. पिट्युटरी आधी मूत्रपिंडावर नेऊन बसवली, ती मंदावली. तीच परत मेंदूखाली आणली, ती जागी झाली. यावर युक्तिवाद करणं अवघड होतं.

हा एव्हरेट वेळेचा माणूस. त्यानं चार्ल्स सॉयरबरोबर १९५०च्या आसपास दाखवून दिलं होतं की उंदराच्या मादीत बीज बाहेर काढण्याचा हुकूम ठरलेल्या दिवशी दुपारी दोन ते चारच्या दरम्यान सुटतो. दोनच्या आत तिला गुंगीचं औषध दिलं तर त्या दिवशीचा मुहूर्त टळतो, आणि बीज बरोबर चोवीस तास उशिरा पडतं. चारनंतर दिलं तर काही फरक पडत नाही. मेंदूत घड्याळ आहे, एवढं यातून पक्कं झालं. त्याचं महत्त्व कळायला अजून वीस वर्षं जायची होती, कारण मधल्या काळात सगळे रसायनाच्या मागे धावले.

ती धाव थोडक्यात सांगतो. रोजे गिय्यमँ फ्रान्समधल्या दिजॉंचा, अँड्र्यू शॅली पोलंडमध्ये जन्मलेला. दोघं १९५७ ते १९६२ ह्यूस्टनच्या बेलर वैद्यकीय महाविद्यालयात एकत्र होते, वेगळंच एक संप्रेरक शोधत होते आणि ते त्यांना सापडलं नाही. मग शॅली न्यू ऑर्लिन्सला माजी सैनिकांच्या रुग्णालयात गेला आणि मैत्रीचं रूपांतर स्पर्धेत झालं. गिय्यमँनं मेंढ्या धरल्या, शॅलीनं डुकरं. डुकरांचे मेंदू ऑस्कर मायर या मांसाच्या कंपनीनं पुरवले. गिय्यमँकडे कत्तलखान्यांतून सुमारे पन्नास लाख मेंढ्यांच्या मेंदूंचे तुकडे जमा झाले. एवढं का लागावं? कारण मेंदू हे रसायन अतोनात काटकसरीनं बनवतो. थायरॉइडला हलवणारं पहिलं संप्रेरक एक मिलिग्रॅम मिळवायला तीन लाख मेंढ्यांचे हायपोथॅलॅमस खर्ची पडले. १९६९ मध्ये ते ओळखलं गेलं, दोघांकडे जवळजवळ एकाच वेळी. तोवर पैसे देणाऱ्या अमेरिकी सरकारी संस्थेचा धीर सुटत आला होता.

त्यानंतर दोघांचा मोर्चा बीजकोशाला हलवणाऱ्या संप्रेरकाकडे वळला. इथे शॅली पुढे गेला. जून १९७१ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या परिषदेत त्यानं रचना जाहीर केली: दहा अमिनो आम्लांची एक साखळी. तिचं आजचं नाव जीएनआरएच. दीड लाखांहून जास्त डुकरांचा ऐवज त्यासाठी लागला. रसायनाचं खरं काम हिसायुकी मात्सुओ आणि योशिहिको बाबा या जपानी संशोधकांनी केलं. त्या निबंधाच्या लेखकांत नायर हे आपल्या ओळखीचं आडनावही आहे. काही काळानं मेंढीची साखळीही हीच असल्याचं गिय्यमँच्या गटानं दाखवलं, माणसाचीही हीच. १९७७चं नोबेल तिघांना मिळालं. अर्धं रोझलिन यालो यांना, रक्तातलं संप्रेरक कणाकणानं मोजण्याची पद्धत शोधल्याबद्दल, आणि उरलेलं अर्धं गिय्यमँ आणि शॅलीला. हॅरिस नोव्हेंबर १९७१ मध्येच गेला होता. आपल्या तर्कातलं रसायन खरोखर सापडल्याचं त्याला कळलं, एवढंच.

रसायन मिळालं, ते कारखान्यात बनवता येऊ लागलं. ज्या बायकांची पाळी मेंदूच्या आळसामुळे येत नाही त्यांना हे टोचलं की काम फत्ते, असा हिशेब होता. हिशेब फसला. भरपूर, सतत दिलं तर उलटाच परिणाम होई.

उत्तर पिट्सबर्गमध्ये होतं, अर्न्स्ट क्नोबिलच्या माकडांकडे. क्नोबिल बर्लिनमध्ये जन्मलेला. यालोंच्या पद्धतीनं रक्तातलं एलएच मोजता येऊ लागल्यावर त्याच्या गटानं बीजकोश काढलेल्या ऱ्हीसस माकडिणींचं रक्त दर काही मिनिटांनी तपासलं. आकडा स्थिर नव्हता. साधारण तासातासाला तो उसळे आणि उतरे. १९७०चा हा निबंध डिएर्श्के, भट्टाचार्य, ॲटकिन्सन आणि क्नोबिल यांच्या नावावर आहे. मेंदू निरोप धाडतो तो ठोक्याठोक्यानं, असा त्याचा अर्थ निघत होता. जीएनआरएच रक्तात काही मिनिटांतच मोडतं, म्हणून दोन ठोक्यांच्या मधे खरोखरीची शांतता असते.

मग आला १९७८चा प्रयोग. माकडिणींच्या हायपोथॅलॅमसचा नेमका भाग नष्ट केला, एलएच आणि एफएसएच शून्याकडे गेले. आता बाहेरून जीएनआरएच द्यायचं. सतत धार लावली: पातळी आधी चढली आणि मग काही दिवसांत कोसळली. धार बंद करून तासातून एकदाच, सहा मिनिटं दिलं: पातळी परत आली आणि टिकली. औषध तेच. तासाला एकाऐवजी पाच ठोके दिले तरी ग्रंथी गप्प होई. तीन तासांनी एक दिला तर एलएच पडे आणि एफएसएच वाढे. शेतकऱ्याला हे नवीन वाटणार नाही. पाणी देऊन झाल्यावर जमीन वाफशावर येऊ द्यावी लागते, सतत तुंबलेल्या पाण्यात मूळ कुजतं. पिट्युटरीच्या पेशींनाही दोन निरोपांमधला रिकामा वेळ लागतो. तो मिळाला नाही तर त्या निरोप ऐकणंच सोडून देतात.

याहून चकित करणारं पुढे निघालं. या माकडिणींना यंत्रानं तासाला एक ठोका, अजिबात न बदलता, महिनोन्‌महिने दिला, तर त्यांची पाळी नेहमीसारखी सुमारे अठ्ठावीस दिवसांनी येऊ लागली. यंत्राला महिना कळत नाही. मग महिना कोण मोजत होतं? बीजकोश. वाढतं बीज इस्ट्रोजेन सोडतं. ते थोडं असेतोवर पिट्युटरीला आवरून धरतं आणि बरंच वाढून दीडदोन दिवस टिकलं की तिलाच एलएचची लाट सोडायला लावतं. लाट सुरू झाल्यावर साधारण छत्तीस तासांनी बीज बाहेर. एव्हरेटच्या उंदरात मुहूर्त मेंदू काढत होता. माकडिणीत आणि बाईत तो बीजकोश काढतो, मेंदू फक्त ताल धरतो. हॅरिसनं मालकीणपद पिट्युटरीकडून मेंदूला दिलं होतं. क्नोबिलनं त्यातलं निम्मं बीजकोशाला परत केलं. रसायन ओळखण्याहून हा शोध मला मोठा वाटतो. त्याला नोबेल मिळालं नाही.

या कथेत आपला देशही आहे, आणि ते फारसं कुणी सांगत नाही. अमेरिकेतल्या प्रयोगशाळांना लागणारी ऱ्हीसस माकडं तोवर मुख्यतः भारतातून जात. पोलिओच्या लशीच्या काळात तर हा आकडा वर्षाला लाखाच्या घरात होता. आपली माकडं वैद्यकीय संशोधनाऐवजी लष्करी किरणोत्सर्गाच्या चाचण्यांत वापरली जातात हे उघड झालं आणि मोरारजी देसाई यांच्या सरकारनं एप्रिल १९७८ पासून निर्यात बंद केली. क्नोबिलचा निबंध त्याच वर्षीचा.

वर्षही कसं! जुलैमध्ये इंग्लंडमध्ये जगातली पहिली टेस्ट ट्यूब बेबी लुईस ब्राउन जन्मली. तिच्या आईच्या लघवीतली एलएचची चढण टिपूनच स्टेप्टो आणि एडवर्ड्स यांनी बीज काढण्याची वेळ साधली होती. ऑक्टोबरमध्ये कोलकात्यात डॉ. सुभाष मुखोपाध्याय यांच्या प्रयत्नातून दुर्गा जन्मली. त्यांनी संप्रेरकं देऊन एकाहून अधिक बीजं पिकवली, गर्भ गोठवून ठेवला आणि नंतरच्या चक्रात रुजवला. आज जगभर हेच करतात. सरकारी समितीनं त्यांना खोटं ठरवलं, डोळ्यांच्या संस्थेत बदली झाली, आणि जून १९८१ मध्ये त्यांनी आत्महत्या केली. त्यांचं श्रेय परत मिळवून दिलं मुंबईनं, असं म्हणायला हरकत नाही. परळच्या प्रजनन संशोधन संस्थेचे संचालक राहिलेले टी. सी. आनंद कुमार यांनी डॉ. इंदिरा हिंदुजांसह केलेल्या कामातून ६ ऑगस्ट १९८६ रोजी केईएम रुग्णालयात हर्षा जन्मली होती आणि देशातली पहिली टेस्ट ट्यूब बेबी म्हणून तिचाच गाजावाजा झाला होता. मुखोपाध्याय यांची कागदपत्रं वाचून १९९७ मध्ये आनंद कुमार यांनीच जाहीर केलं की पहिला मान आपला नाही. स्वतःच्या डोक्यावरचा मुकुट उतरवून दुसऱ्याला देणारे शास्त्रज्ञ या सबंध इतिहासात मला दुसरे दिसत नाहीत.

ठोक्यांच्या शोधाची फळं लगेच दिसू लागली. १९८० मध्ये जर्मनीत लायेनडेकर यांनी पाळी थांबलेल्या बायकांना छोट्या पंपातून दर दीड तासाला एक ठोका दिला आणि त्यांना दिवस गेले. उलट बाजूचा उपयोग तर अधिकच झाला. सतत दिल्यानं ग्रंथी गप्प होते ना, मग गप्प करायची असेल तिथे हेच द्या! प्रोस्टेटचा कर्करोग, एंडोमेट्रिओसिस, सहाव्या-सातव्या वर्षीच वयात येऊ लागलेल्या मुली, आयव्हीएफमध्ये बीज वेळेआधी सुटू नये म्हणून: त्यासाठीची ल्युप्रोलाइडची इंजेक्शनं आज आपल्याकडेही मिळतात, त्यांचं मूळ त्या माकडिणींत आहे.

पण ताल धरणाऱ्याला ताल कोण देतं? जीएनआरएच बनवणाऱ्या पेशी माणसाच्या मेंदूत जेमतेम हजार-दोन हजार, आणि त्या जन्मानं मेंदूतल्या नाहीतच. गर्भावस्थेत त्या नाकाच्या बाजूनं चालत आत येतात. १९८९ मध्ये हे उंदरात दिसलं आणि वास न येणारी काही माणसं वयातही का येत नाहीत, या काल्मन यांच्या १९४४च्या कोड्याचा उलगडा झाला. या पेशींना हलवणारं रसायन अगदी भलत्याच ठिकाणी सापडलं. १९९६ मध्ये पेन्सिल्व्हेनियातल्या हर्शी गावी कर्करोगाचा फैलाव रोखणारं एक जनुक मिळालं. गाव ‘किसेस’ चॉकलेटचं, म्हणून जनुकाचं नाव किस-१. सात वर्षांनी, २००३ मध्ये, पॅरिस आणि बोस्टनच्या गटांनी स्वतंत्रपणे दाखवलं की या जनुकापासून बनणाऱ्या किसपेप्टिनचा निरोप घेणारा ग्राहक बिघडला तर मुलगी वयातच येत नाही. जेवण तोडलेल्या, अती धावणाऱ्या, सतत ताणात असलेल्या मुलींची पाळी थांबते ती ठोके मंदावल्यानं, आणि मेंदूला उपासमारीची बातमी पोचवणाऱ्या वाटांत किसपेप्टिनच्या पेशी मोक्याच्या जागी बसलेल्या आहेत. अशा मुलीच्या बीजकोशात काहीही बिघाड नसतो. तिला आधी पुरेसं जेवण आणि विश्रांती लागते, गोळ्या नंतर. पालकांनी एवढं ध्यानात ठेवावं.

शेवटची व्यक्ती नाओमी रॅन्स. १९९० मध्ये मरणोत्तर तपासणीतले मेंदू पाहताना तिला आढळलं की पाळी गेलेल्या बायकांच्या हायपोथॅलॅमसमधल्या काही पेशी फुगलेल्या असतात. बीजकोशाकडून इस्ट्रोजेन येईनासं झालं की आवर घालणारं कुणी राहत नाही आणि त्या बेताल काम करू लागतात. पुढे कळलं की याच पेशी किसपेप्टिनही बनवतात आणि तासाचा ठोकाही याच देतात. शेजारीच शरीराचं तापमान सांभाळणारी यंत्रणा आहे, तिलाही त्या चाळवतात. रात्री दरदरून घाम फुटतो, अंगातून वाफा निघतात त्या त्यामुळे. ‘वयाचं आहे, सोसा’ असं सांगून पिढ्यान्‌पिढ्या बायकांची ही तक्रार उडवून लावली गेली. त्या पेशींचा निरोप अडवणारी फेझोलिनेटंट ही गोळी मे २०२३ मध्ये अमेरिकेत मंजूर झाली. तिच्यात संप्रेरक नाही.